शाळेतील संगीत सादरीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय संगीत कार्यक्रमांविषयी पालक, विद्यार्थी आणि नव्याने कार्यक्रम बसवणारे शिक्षक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. पट्टी, वाद्यं आणि मायक्रोफोन यांवर मुद्दाम जास्त लिहिलं आहे. मंचावर जे बिघडतं त्यातलं बहुतेक याच तीन ठिकाणी बिघडतं, आणि तेही कार्यक्रमाच्या कितीतरी आधी.

वर्षातून किती कार्यक्रम असावेत?

मोठे दोन पुरेत. त्यांच्या जोडीला दर सहा ते आठ आठवड्यांनी वर्गातच एक छोटी मैफल ठेवावी: वीस मिनिटं, मायक्रोफोन नाही, पोशाख नाही, ऐकायला शेजारचा वर्ग. मोठ्या मंचावर पाय लटपटू नयेत यासाठी या छोट्या मैफलींचा उपयोग कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त होतो. वर्षभर काही नाही आणि वार्षिक संमेलनात एकदम सातशे लोकांसमोर उभं करायचं, ही पद्धत मुलांवर अन्याय करणारी आहे.

तयारी किती आधी सुरू करायची?

आठवड्याला दोन तासिका असतील तर दहा आठवडे धरा. पहिल्या दोन आठवड्यांत गाणी आणि पट्टी ठरतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात चाल आणि शब्द पाठ होतात. सातव्यात वादक मुलं गाणाऱ्यांबरोबर बसतात, आठव्यात चढणं-उतरणं, उभं राहणं आणि ओळीने बाहेर पडणं यांचा सराव होतो. नववा आठवडा मोकळा ठेवा. तो सुट्टी, परीक्षा किंवा साथीचा खोकला यांपैकी कशात तरी जातोच. दहाव्यात तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम.

वादकांना सातव्या आठवड्यापर्यंत थांबवून ठेवायचं नाही, त्यांचा सराव पहिल्यापासून वेगळा चालू असतो. पण गाणारे आणि वाजवणारे यांची पहिली भेट रंगीत तालमीत झाली, तर ती तालीम राहत नाही, नुसता गोंधळ होतो.

कार्यक्रम किती वेळाचा असावा?

आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांचा ३५ ते ४५ मिनिटांचा, सगळ्या इयत्तांचा एकत्र असेल तर जास्तीत जास्त ९० मिनिटांचा. वेळ मोजताना सगळेजण फक्त गाण्यांचा वेळ मोजतात आणि तिथेच फसतात. बारा गाणी, प्रत्येकी सरासरी साडेतीन मिनिटं, म्हणजे ४२ मिनिटं. मधल्या अकरा अदलाबदली दीड मिनिटाच्या धरल्या तरी साडेसोळा मिनिटं. निवेदन प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे सहा. भाषण आणि आभार मिळून दहा. एकूण पाऊण तासाचा वाटणारा कार्यक्रम सव्वा तासाचा झाला.

दीड मिनिटात नुसता गायकांचा गट बदलतो. तबला, की-बोर्ड आणि दोन गिटार हलवायच्या असतील तर तीन ते चार मिनिटं लागतात. म्हणून वाद्यांची गाणी एकापाठोपाठ ठेवा, आणि मोठी हलवाहलव असेल तिथे पडद्यासमोर एखादं एकल गाणं किंवा कवितावाचन लावा. सर्वांत लहान मुलं सुरुवातीला गाऊ देत. नवव्या क्रमांकापर्यंत ती झोपाळलेली किंवा रडवेली असतात.

गाण्याची पट्टी कशी ठरवायची? सगळीकडे ‘काळी चार’ का चालत नाही?

पट्टी म्हणजे गाण्याचा सा हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर धरायचा ते. प्रत्येक सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच, डावीकडून मोजायच्या, म्हणून नावं ‘पांढरी एक’, ‘काळी चार’ अशी. ती सवयीने ठरवायची नसते. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधायचा आणि ते दोन्ही मुलांच्या गळ्यात बसतील असा षड्ज, म्हणजे सा, निवडायचा.

आठ ते दहा वर्षांच्या मुलामुलींचा एकत्र गाताना सुखाचा टापू साधारणपणे मधली पांढरी एक (सुमारे २६२ हर्ट्‌झ, ट्यूनरच्या ॲपवर ती ‘सी’ आणि ‘४’ अशी दिसते) ते तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी दोन इतका असतो. सहा-सात वर्षांच्यांचा याहून लहान, मधली पांढरी दोन ते पांढरी सहा. अकरा-बारा वर्षांची, आवाज न फुटलेली मुलं वर आणखी एक-दोन सूर आरामात जातात.

आता गाणी घेऊ. गाणं मध्य (मधल्या सप्तकातल्या) सा पासून तार (वरच्या सप्तकातल्या) रे पर्यंत असेल, तर काळी एक उत्तम: खालचा सूर काळी एक, वरचा सूर वरच्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे टापूच्या जेमतेम अर्धा सूर वर. दुसरं गाणं मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला टेकून मध्य धैवतापर्यंतच जात असेल, तर तेच काळी एकमध्ये घेतल्यावर खालचे सूर गायबच होतील. त्याला पांढरी चार द्या. मंद्र प तेव्हा बरोबर मधल्या पांढरी एकवर येतो आणि ध वरच्या पांढरी दोनवर.

काळी चार ही प्रौढ स्त्री-आवाजाची ओळखीची पट्टी, आणि शिक्षिकेच्या गळ्याला ती सोयीची असते. पण तिथला मध्य षड्ज मधल्या पांढरी एकच्या खाली असतो. मुलं सा, रे नुसती पुटपुटतात, गंधारापासून (ग) आवाज यायला लागतो. गाणं गंधार ते तार पंचम या भागातच फिरणारं असेल तर मात्र काळी चार झकास. शिक्षक पुरुष असतील तर उलटी चूक होते. ते एक सप्तक खाली गातात, आणि लहान मुलं त्यांची नक्कल करत घोगऱ्या आवाजात खाली उतरतात. अशा वेळी मुलांच्या सप्तकात गाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी नमुना म्हणून पुढे ठेवा.

हार्मोनियमवर आणखी एक चकवा आहे. खर्जाचे सूर जोडलेले असतील तर एकच पट्टी दाबल्यावर दोन सप्तकं वाजतात आणि नेमकी कुठली मधली हे कळत नाही. पट्टी ठरवताना जोड बंद करा.

मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत पसरलेलं गाणं लहान मुलांच्या गटाला कुठल्याच पट्टीत बसणार नाही. गाणं बदला. पाहुण्यांना ते कितीही आवडत असलं तरी.

माझ्या मुलाचा आवाज फुटतो आहे. त्याने या वर्षी गाऊ नये का?

गावं, फक्त त्याचा टापू लहान झाला आहे हे लक्षात ठेवून. बारा ते चौदाच्या सुमारास पाच-सहा सुरांपलीकडे आवाज हाती राहत नाही आणि दर काही आठवड्यांनी त्याची जागा बदलते. अशा मुलांसाठी धृपदाखाली दोन-तीन सुरांची वेगळी ओळ किंवा नुसता धरलेला षड्ज-पंचम बसवता येतो. वरच्या सुरावर जोर लावायला लावू नये. एकल गाणं त्या वर्षी टाळलेलं बरं: तालमीत लागलेला सूर कार्यक्रमाच्या दिवशी लागेलच याची खात्री त्यालाही नसते.

माझ्या मुलीचा सूर लागत नाही. तुम्ही तिला गटात घेणार का?

हो. ‘तू नुसते ओठ हलव’ हे वाक्य संगीत शिक्षकाने उच्चारू नये. सूर न लागणाऱ्या बहुतेक मुलांचा कान ठीक असतो. गळा दुसऱ्याच उंचीवर अडकलेला असतो. ती बोलण्याच्या आवाजात गात असतात. उपाय साधा आहे. मुलीला हवा तो एक सूर ‘ऊ’वर धरायला सांगा आणि शिक्षकाने तो सूर गाठावा. दोन सूर जुळल्यावर कानाला काय जाणवतं हे तिला पहिल्यांदाच कळतं. मग तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराने दोघांनी मिळून वर सरकायचं. रोज पाच मिनिटं, काही आठवडे. वर जाण्यासाठी भोंग्यासारखा खालून वर ओढलेला ‘ऊऽऽ’ही उपयोगी पडतो. गटात तिला पक्क्या सुराच्या दोन मुलींच्या मधे उभं करा, कडेला नको.

एकल गाण्यासाठी निवड कशी होते?

सगळ्यांना तेच आठ ओळींचं कडवं, तीच पट्टी, एकाच आठवड्यात. सूर, ताल, शब्दोच्चार आणि आठवण या चार गोष्टींना वेगवेगळे गुण. ऐकणारे किमान दोघे असावेत. गोड आवाज हा निकष आम्ही यादीत ठेवत नाही. तो परीक्षकाच्या आवडीवर ठरतो आणि तक्रारी तिथूनच उगवतात. प्रत्येक एकल गाण्याला एक राखीव मूल तयार ठेवावं आणि त्या मुलाला वर्गमैफलीत तरी पूर्ण गाणं गायला मिळावं.

घरी किती सराव करून घ्यायचा?

रोज पंधरा मिनिटं. रविवारी एकदम दोन तास नव्हे. पूर्ण गाणं पुन्हापुन्हा म्हणणं हा सराव नाही, कारण सोपा भाग पक्का होत जातो आणि अवघड भाग तितकाच कच्चा राहतो. अडणारी ओळ सुटी करा, ती सावकाश पाच वेळा म्हणा, मग आधीच्या ओळीला जोडून म्हणा. मुलं बहुधा ओळीच्या आत चुकत नाहीत, दोन ओळींच्या सांध्यावर चुकतात. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या कडव्यापासून सुरू करायला सांगा. जे मूल कुठूनही सुरू करू शकतं, ते मंचावर अडकलं तरी पुढची ओळ पकडतं.

घरच्या सरावासाठी मूळ गाण्याचं ध्वनिमुद्रण लावू नका. त्याची पट्टी आणि हरकती वेगळ्या असतात. शिक्षकांनी पाठवलेली फाइलच वापरा.

तालमीत बरोबर असलेली लय मंचावर का पळते?

छाती धडधडत असते, त्यामुळे नेहमीची लय संथ वाटते. त्यात प्रेक्षकांनी टाळ्यांचा ठेका धरला की पळापळ पक्की. मागच्या रांगेतल्या टाळ्या मंचावर उशिरा पोहोचतात आणि पुढच्या रांगेतल्या आधी, आणि मुलं त्यातली जी ऐकू येईल ती धरतात. लयीचा आकडा मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) पाहून लिहून ठेवा, समजा मिनिटाला ८४, आणि गाणं सुरू करण्याआधी विंगेत तो दहा सेकंद कानाला लावून ऐका. मेट्रोनोम नसेल तर गाण्यातली सर्वांत दाट शब्दांची ओळ मनात म्हणा आणि तिच्यावरून मात्रा द्या. धृपदाच्या ऐसपैस पहिल्या ओळीवरून लय घेतली की अंतऱ्यात शब्द एकमेकांवर चढतात.

सुरुवातीच्या मात्रा ठेक्याप्रमाणे द्या. केरवा असेल तर आठ मोजून, दादरा असेल तर सहा. गाणं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उठत नसेल तर मात्रा देणाऱ्याने श्वासाची जागा हाताने दाखवली पाहिजे, नाहीतर अर्धा गट पहिला शब्द खातो. रूपकातली, म्हणजे सात मात्रांची गाणी सुंदर असतात, पण दहा वर्षांखालच्या गटाकडून ती बसवून घ्यायची असतील तर दोन आठवडे जास्त धरा.

वाद्यं तालमीत सुरात होती, मंचावर बेसूर कशी झाली?

कारण ती एकाच दिशेने बदलत नाहीत.

तबल्याचं कातडं दमट हवेत ओलावा घेतं आणि उतरतं. मंचावरच्या तापलेल्या दिव्यांखाली सुकतं आणि चढतं. बासरीतली हवा गरम झाली की बासरी चढते. दर अंशाला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), म्हणजे थंडगार खोलीत जुळवलेली बासरी दहा अंश गरम झाली तर जवळजवळ तीस सेंट, अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. व्हायोलिन आणि गिटारच्या तारा उष्णतेने सैल होतात आणि उतरतात. हार्मोनियम आणि की-बोर्ड मात्र जिथल्या तिथे. म्हणून बाकी सगळ्यांनी हार्मोनियमशी जुळवायचं; हार्मोनियम आणि की-बोर्ड दोन्ही असतील तर आधी ते दोघे एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. की-बोर्ड सहसा ४४० हर्ट्‌झच्या मापाने जुळवलेला येतो, जुनी हार्मोनियम त्याच्या थोडी वर किंवा खाली असू शकते. की-बोर्डमध्ये बारीक जुळणीची सोय असते. ती वापरून तो हार्मोनियमकडे सरकवा आणि तो आकडा की-बोर्डवर चिकटवून ठेवा, कारण बंद करून चालू केल्यावर कित्येक की-बोर्ड तो विसरतात.

तबल्याचा सूर थोडा चढवायचा तर गजऱ्यावर (कातड्याच्या कडेच्या वेणीवर) वरून हलके ठोके, उतरवायचा तर खालून. जास्त फरक असेल तर आधी गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकायचे. प्रत्येक तबल्याचा एक टापू असतो. लहान तोंडाचा तबला वरच्या पट्ट्यांना, मोठ्या तोंडाचा खालच्या. एक-दीड सुरापलीकडे ताणला तर आवाज मरतो आणि पुडी, म्हणजे कातडं, फाटण्याची भीती. तेव्हा कार्यक्रमातल्या गाण्यांच्या पट्ट्या पाहून दोन तबले लावून ठेवा. दर गाण्याला हातोडी काढण्याची वेळ येऊ देऊ नका. षड्जात बसत नसेल तर पंचमात किंवा मध्यमात लावता येतो, पण गाण्यात तो सूर ठळक असेल तरच.

बासरी पट्टीनुसार वेगळी लागते. बासरीवाल्या मुलाला पट्टी तिसऱ्या आठवड्यातच कळली पाहिजे. शेवटच्या आठवड्यात ‘अर्धा सूर खाली घेऊ या’ म्हणणारे शिक्षक त्याचा सगळा सराव पाण्यात घालतात. नव्या तारा तीन-चार दिवस आधी चढवा, नायलॉनच्या असतील तर आठवडाभर आधी, आणि रोज ताणून जुळवत राहा. कार्यक्रमाच्या सकाळी नवी तार लावू नका. व्हायोलिन आणि गिटारची सर्वांत बारीक तार सर्वांत आधी तुटते. तिच्या दोन जादा तारा पेटीत असू द्या.

वाद्यं मंचावर किमान अर्धा तास आधी नेऊन ठेवा, दिवे लावलेले असताना, आणि त्यानंतर शेवटची जुळणी करा.

कॅरिओके ट्रॅक लावावा की मुलांची साथ घ्यावी?

मुलांची. ती थोडी ओबडधोबड असली तरी. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही: एका मुलाने कडवं आधी सुरू केलं की गट आणि ट्रॅक शेवटपर्यंत एकमेकांना भेटत नाहीत. हार्मोनियम वाजवणारा मात्र एका ओळीत गटाला गाठतो. शिवाय ट्रॅक बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असतो. सॉफ्टवेअरने दोन सुरांहून जास्त सरकवला की तो विचित्र वाजू लागतो.

लावायचाच असेल तर फाइल उपकरणात उतरवून घ्या, इंटरनेटवरून वाजवू नका. फोन विमान मोडवर. जोडणी तारेने, ब्लूटूथ मधेच तुटतं, आणि आवाज सेकंदाच्या दहाव्या ते चौथ्या हिश्शाने उशिरा येतो, म्हणजे त्याच्या जोडीला कोणी वाद्य वाजवत असेल तर तो वेडा होतो. फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या उपकरणात, त्याच नावाने आणि त्याच क्रमाने. नावाआधी क्रमांक घाला: ०१, ०२, ०३. आणि ट्रॅकचा एक स्पीकर मुलांच्या दिशेने वळवा. प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या मागे उभी राहिलेली मुलं ट्रॅक ऐकत नसतात, अंदाजाने गात असतात.

चाळीस मुलं मंचावर कशी उभी करायची?

प्रत्येकाला ४५ ते ५० सेंटिमीटर. चार रांगा, दहा-दहाच्या, म्हणजे साडेचार ते पाच मीटर रुंदी. मागच्या रांगांसाठी वीस सेंटिमीटरच्या पायऱ्या. रांगा किंचित चंद्रकोरीसारख्या वळवा, म्हणजे टोकाची मुलंही मात्रा देणाऱ्याकडे मान न वळवता पाहू शकतात. मागच्या मुलाचं तोंड पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत यावं. उंचीनुसार लावणं फोटोला बरं दिसतं. आवाजासाठी पक्की मुलं दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत पसरवलेली असावीत. सगळ्या पक्क्या मुली पुढे ठेवल्या तर मागच्यांना कोणाचाच आधार ऐकू येत नाही.

साथीदार गटाच्या पुढे, एका बाजूला, तिरके. तबलजी आणि हार्मोनियमवाला एकमेकांना दिसले पाहिजेत. मंच रुंद असेल म्हणून गट पसरवू नका. दहा मीटर जायला आवाजाला सुमारे तीस मिलिसेकंद लागतात. ऐकून गाणारं लांबचं टोक तेवढं मागे पडतं, म्हणून कानापेक्षा हाताकडे पाहायची सवय लावावी लागते.

किती मायक्रोफोन लागतात?

वाटतात त्यापेक्षा कमी. दीडशे लोकांच्या बंद खोलीत चाळीस मुलांना गाण्यासाठी एकही लागत नाही. निवेदकाला एक पुरतो. मोठ्या सभागृहात गटासाठी दोन कंडेन्सर (लांबचा आवाजही टिपणारे) मायक्रोफोन, पहिल्या रांगेपासून सुमारे एक मीटर पुढे, मागच्या रांगेच्या डोक्याहून थोडे उंच आणि मागच्या रांगांकडे रोखलेले. दोघांत अडीच ते तीन मीटर अंतर. जवळ ठेवले तर तोच आवाज दोघांत किंचित वेगळ्या वेळी शिरतो आणि पोकळ येतो. कंडेन्सरला मिक्सरवरून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. ‘मायक्रोफोन बंद आहे’ या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच उत्तर असतं.

एकल गायकाला, तबल्याला आणि हार्मोनियमला साधे डायनॅमिक (जवळून धरायचे) मायक्रोफोन. तबला-डग्ग्याच्या मधे एक, दोहोंवर साधारण पंधरा सेंटिमीटरवरून. हार्मोनियमला भात्याकडच्या बाजूने लावू नका, भात्याची फसफस ऐकू येते. की-बोर्ड तारेने, डीआय बॉक्समधून (वाद्याचा आवाज मिक्सरला चालेल असा करून देणाऱ्या छोट्या पेटीतून). त्याचा आणि मिक्सरचा वीजपुरवठा एकाच ठिकाणाहून घेतला तर घुंईऽऽ असा आवाज टळतो.

दर पाच मुलांत एक असे आठ मायक्रोफोन मागणारे आयोजक असतात. उघड्या मायक्रोफोनची संख्या दुप्पट झाली की शिट्टी (स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरून होणारी) यायच्या आधी आवाज वाढवायची जागा तीन डेसिबलने घटते. एकाच्या जागी आठ म्हणजे नऊ डेसिबल गेले. वर ज्या मुलासमोर मायक्रोफोन आला त्याचाच आवाज ऐकू येतो, गट नाही.

शिट्टी आली तर काय करायचं?

आधी त्या गाण्यात न लागणारे मायक्रोफोन बंद करा. स्पीकर मायक्रोफोनच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला आहेत ना ते पाहा. मुलं मायक्रोफोनची जाळी मुठीत धरतात. त्याने त्याची दिशा ओळखण्याची ताकद जाते आणि शिट्टी सुरू होते. हात दांड्यावर, तोंडापासून चार बोटं. मंचावरच्या पावलांची धडधड घालवायला प्रत्येक गायन मायक्रोफोनवर १२० हर्ट्‌झखालचा भाग कापून टाका. मुलांचा आवाज त्याच्या बराच वर असतो, काही हरवत नाही.

वायरलेस मायक्रोफोनला कार्यक्रमाआधी नवे सेल. तालमीत वापरलेले ‘अजून चालतात’ म्हणून ठेवलेले सेल भाषणाच्या वेळी हमखास संपतात.

तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम यांत फरक काय?

तांत्रिक तालमीत गाणी पूर्ण म्हणायची नसतात. प्रत्येक गाण्याच्या पहिल्या आठ मात्रा आणि शेवटची ओळ, बाकी वेळ येणं-जाणं, वाद्यं ठेवणं, मायक्रोफोनची पातळी लिहून घेणं. चिकटपट्टीने जमिनीवर खुणा करा आणि कुठल्या गटाचा कुठला रंग हे कागदावर टिपा. रंगीत तालीम मात्र न थांबता, पोशाखासकट, घड्याळ लावून. चुकलं तरी थांबवायचं नाही. दोन्ही एकाच संध्याकाळी उरकणाऱ्यांना दोन्हीचा उपयोग होत नाही. रंगीत तालीम आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी ठेवा. गळ्याला एक दिवस विश्रांती मिळते आणि निसटलेल्या गोष्टी नीट करायला वेळ उरतो.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलाला किती वाजता आणायचं, काय खायला द्यायचं?

गटातल्या मुलांनी ४५ मिनिटं आधी, वादकांनी ९० मिनिटं आधी. फार लवकर बोलावलेली मुलं विंगेत ओरडून गळा बसवतात. हलकं जेवण दीड-दोन तास आधी. साधं पाणी, घोट-घोट. बर्फाचं आणि फार गोड नको. गळा तापवायला दहा मिनिटं पुरतात: ओठांची फुरफुर, बंद तोंडाने गुणगुणणं, पाच सुरांचे अलंकार अर्ध्या सुराने वर नेत. पूर्ण गाणं मोठ्याने म्हणवून घेऊ नका, ताजेपणा तिथेच संपतो.

मंचावर मुलांना चक्कर का येते?

उपाशीपोटी, गरम दिव्यांखाली, गुडघे ताठ करून स्थिर उभं राहिल्याने. पायांत रक्त साठतं आणि डोक्याला कमी पडतं. गुडघे किंचित सैल ठेवायला आणि गाण्यांच्या मधे बोटं हलवायला शिकवा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच खाली बसायचं, परवानगी विचारायची नाही, हा नियम सगळ्यांना माहीत हवा. उंच पायरीवरून पडणं हा खरा धोका; म्हणून मागच्या पायरीच्या मागे एक मोठं माणूस उभं असावं. मूल कोसळलं तर आडवं करून पाय उंच करा. मिनिटभरात शुद्धीवर आलं नाही, किंवा पडताना लागलं असेल, तर लगेच डॉक्टर.

एकल गाणारी मुलगी मधेच ओळ विसरली तर?

थांबायचं नाही, माफी मागायची नाही, जीभ चावायची नाही. साथ चालू राहील आणि ती पुढच्या कडव्याला पकडेल. साथीदार मुलांना हे आधी सांगून ठेवा: गायिका गप्प झाली तर धृपदाची चाल वाजवत राहायचं. विंगेतून ओळ सांगणारा एकच ठरवा. तीन बाजूंनी तीन शिक्षक ओठ हलवायला लागले की उरलेली ओळही जाते.

माझा मुलगा मंचावर फार घाबरतो. काय करावं?

‘घाबरू नकोस’ म्हणून भीती जात नाही. चार मोजत श्वास आत, सहा-आठ मोजत सावकाश बाहेर, पाच-सहा वेळा. लांब उच्छ्वासाने धडधड उतरते. पहिली ओळ मात्र इतकी पक्की हवी की झोपेतून उठवलं तरी यावी. पहिल्या दहा सेकंदांनंतर बहुतेक मुलं सावरतात. उलट्या होण्याइतका, रात्रभर झोप न लागण्याइतका त्रास होत असेल तर यंदा एकल नको, गटात राहू दे.

पोशाखाचे काही नियम?

हात वर जातील आणि मांडी घालून बसता येईल असा. वाजणारे दागिने आणि पायांतल्या घसरत्या वहाणा नकोत. नवा पोशाख रंगीत तालमीला एकदा घालून बघाच.

आम्ही चित्रीकरण करू शकतो का?

बसल्या जागेवरून, फ्लॅश बंद करून, पडद्याचा उजेड कमी करून. फोन उंच धरला की मागच्या रांगेतल्यांना त्यांचं मूल दिसत नाही. शाळेने एका तिपाईवर एकच नीट चित्रीकरण करून पालकांना देणं उत्तम. समाजमाध्यमांवर टाकण्याचा प्रश्न वेगळा आहे: त्यात इतरांची मुलंही असतात आणि त्यांच्या पालकांनी होकार दिलेला नसतो. त्या होकाराचा कागद वर्षाच्या सुरुवातीलाच भरून घ्यावा, आणि ज्यांनी नाही म्हटलं आहे त्या मुलांना चित्रीकरणाच्या कडेला उभं करता येईल अशी रांग लावावी.

प्रसिद्ध गाणी म्हणायला परवानगी लागते का?

वर्गात शिकवणं, फक्त पालकांसमोर विनातिकीट गाणं, तिकीट लावून गाणं आणि चित्रीकरण इंटरनेटवर टाकणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. एकीची मुभा म्हणजे दुसरीची नव्हे. विकत घेतलेला कॅरिओके ट्रॅक बहुधा घरगुती वापरासाठी असतो. व्हिडिओच्या संकेतस्थळांवर गाणं आपोआप ओळखलं जातं आणि आवाज बंद होऊ शकतो, मग तिथे मुलांनी गायलेलं असो की मूळ. शाळेतल्या कोणी रचलेली आणि चाल लावलेली दोन-तीन गाणी संग्रही असली की हा प्रश्न बराच हलका होतो.

तालमी बुडाल्या तर कार्यक्रमातून काढतात का?

शेवटच्या तीन आठवड्यांत दोनपेक्षा जास्त तालमी बुडाल्या तर एकल भाग राखीव मुलाकडे जातो. गटातून कोणी काढत नाही. ताप किंवा खोकला असेल तर मुलाला घरीच ठेवा. घसा बसला असेल तर कुजबुजूही देऊ नका, गप्प बसणं हाच उपाय.

पालक म्हणून मदत करायची आहे. काय करू?

विंगेत या, प्रेक्षकांत नंतर बसा. दर पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. कामं साधी: यादीप्रमाणे पुढचा गट दोन गाणी आधी रांगेत आणणं, पाण्याच्या बाटल्या मंचापासून आणि तारांपासून लांब ठेवणं, दार आवाज न करता उघडणं. अट एकच, स्वतःच्या मुलाचा गट मंचावर असताना जागा सोडून पाहायला जायचं नाही. ते जमणार नसेल तर दुसऱ्या इयत्तेच्या विंगेत काम घ्या.

कार्यक्रम झाल्यावर काय?

त्याच रात्री तबल्यांवर आवरणं, हार्मोनियमचा भाता मिटवून कडी, गिटारच्या तारा कोरड्या कापडाने पुसून पेटीत. वायरलेस मायक्रोफोनचे सेल काढून ठेवा, आत राहिले तर पाझरतात. वाद्यांवर मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतील तर परत देताना अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत होतं.

पुढच्या तासिकेला ध्वनिमुद्रण ऐकवा. चित्र बंद करून, फक्त आवाज. चित्र दिसलं की मुलं स्वतःचे केस बघतात. प्रत्येकाने एक जमलेली आणि एक निसटलेली जागा वहीत लिहायची, वेळेसकट: ‘२ मिनिटं १० सेकंद, दुसऱ्या अंतऱ्यात सगळे पळालो.’ पट्टी, लयीचा आकडा आणि प्रत्येक अदलाबदलीला लागलेला खरा वेळ त्याच आठवड्यात शिक्षकांच्या वहीत गेला पाहिजे. पुढच्या वर्षीची यादी त्याच वहीवरून बनते.